सोडलेले चेंडू

सकाळी संभाजीनगरच्या आमखास मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस रंगतात. बॅटिंगला कुणी आलं की बाहेरून ओरडा सुरू, "उडव रे!" चेंडू सोडणाऱ्या पोराला तिथे कुणी विचारत नाही. मी मात्र अशा पोराकडे बघत थांबतो. संजय बांगर आठवतो.

बांगर आमच्या शेजारच्या बीडचा. रणजी खेळला तो रेल्वेकडून. 2001-02 च्या मोसमात रेल्वेने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच मोसमात नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध सातव्या क्रमांकावर येऊन बांगरने कसोटी शतक केलं. पण माझ्या मनात घर करून बसलेली खेळी शतकाची नाही.

ऑगस्ट 2002, हेडिंग्ले, इंग्लंडविरुद्धची कसोटी. आभाळ भरून आलेलं, तरी गांगुलीने फलंदाजी घेतली आणि बांगरला सलामीला पाठवलं. सेहवाग लवकर परतला. समोर द्रविड आला. होगार्डचा चेंडू हवेत बाहेर वळायचा. बांगर पुढचा पाय टाकायचा, नजर चेंडूवर ठेवायचा आणि बॅट अलगद बाजूला घ्यायचा. चेंडू स्ट्युअर्टच्या ग्लोव्हजमध्ये. पुन्हा तेच. पुन्हा. 236 चेंडूंत 68 धावा, द्रविडबरोबर 170 ची भागी. पुढे द्रविड, सचिन, गांगुली तिघांची शतकं झाली आणि भारत डावाने जिंकला. त्या तीन शतकांइतकंच मोल मी या 68 ला देतो.

पुढे बांगर प्रशिक्षक झाला. 2014 मध्ये त्याने पंजाबला आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेही मॅक्सवेल-मिलरसारख्या धुवांधार फलंदाजांना घेऊन. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कोहली ऑफ स्टंपाबाहेर चाचपडत होता. पाच कसोटींत 134 धावा. ती मालिका संपताच बांगर भारतीय फलंदाजांच्या मदतीला गेला आणि 2019 पर्यंत फलंदाजी प्रशिक्षक राहिला. 2018 मध्ये कोहलीने त्याच इंग्लंडमध्ये 593 धावा केल्या. कष्ट कोहलीचेच, पण नेट्समागे उभा असलेला माणूस चेंडू सोडण्याचं मोल स्वतः अनुभवलेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमखासवर, गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पोरांना शिकवणाऱ्यांनो, एक विनंती आहे. हेडिंग्लेच्या त्या पहिल्या दिवसाचं चित्रण पोरांना एकदा दाखवा. निदान पहिला तास.