दोन नद्यांच्या काठाने

प्रवासाची साधने जसजशी वेगवान होत गेली तसतसा प्रवास या शब्दातील अर्थ आटत गेला, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. विमानातून उतरणारा मनुष्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो खरा, परंतु मधला प्रदेश त्याच्या लेखी नसल्यासारखाच असतो. पायी चालणाऱ्याला तो सगळा मिळतो, मात्र दिवस पुरत नाहीत. सायकल ही या दोहोंमधील तडजोड होय. आणि संसाराप्रमाणेच प्रवासातही चांगली तडजोड हीच बहुधा टिकाऊ ठरते.

ही तडजोड पतिपत्नींनी मिळून करण्याची प्रथा आजची नव्हे. जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल हे अमेरिकन दांपत्य सन १८८४ मध्ये दोघांच्या तीनचाकीवरून फ्लॉरेन्सहून रोमला गेले. पती चित्रे काढी आणि पत्नी वृत्तान्त लिही. पुढे सन १८९८ मध्ये या बाईंनी सायकलीवरून आल्प्स ओलांडल्याचा ग्रंथही प्रसिद्ध केला. फॅनी आणि विल्यम वर्कमन यांनी सन १८९५ मध्ये स्पेन देश पालथा घातला आणि १८९७ च्या अखेरीपासून ते हिंदुस्थानात कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत फिरले. त्या वेळी डॉक्टरसाहेबांनी पन्नाशी गाठली होती, आणि त्यापूर्वीच प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडला होता! आपल्याकडचे उदाहरण पाहावयाचे तर मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण सन १९२३ मध्ये निघाले ते इराण, युरोप, अमेरिका, जपान व चीन करून १९२८ मध्ये घरी परतले. एवढे दाखले हाताशी असताना, आम्ही उभयतांनी सन २०२३ च्या उन्हाळ्यात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार देशांतून सायकली हाकल्या, यात नवल ते काय? तरीही आमच्या स्नेह्यांनी नवल केले. "या वयात?" असा प्रश्न पुरुषमंडळींनी आम्हांस विचारला, बायकांनी सौ.ला विचारले, "घराकडे कोण पाहणार?"

नदीच का निवडली, हे मात्र कोणीच विचारले नाही. त्याचे उत्तर सौ.पाशी होते. तिचे माहेर भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्दच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी. वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून ती कैची चालवायला शिकली आणि पुढे त्याच सायकलीवरून, नदीकाठच्या रस्त्याने, पवनीच्या शाळेत जाऊ लागली. दिनांक २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. पुढे धरणात पाणी अडले. घर गेले, चिंचेचे झाड गेले, तो रस्ताही गेला. "मला एकदा नदीच्या काठाने, नदी संपू न देता, लांबवर सायकल चालवायची आहे," एवढेच ती आम्हांस म्हणाली होती.

पासाऊ येथे तीन नद्यांचा संगम आहे. तेथून आम्ही निघालो. बुडापेस्टपर्यंतचे अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक. दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की मुक्काम. पहिले चार दिवस आम्ही पुढे आणि सौ. मागे असा क्रम होता. पाचव्या दिवशी समोरून वारा सुटला, तेव्हा ती न बोलता पुढे झाली. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात, हा सायकलीचा धर्म. तीस वर्षांच्या सहजीवनात कोण केव्हा पुढे होते, याचा हिशेब आम्ही त्या दुपारी मनाशी मांडून पाहिला. बाकी आमच्याकडे निघाली.

व्हिएन्नाच्या पुढे नदीकाठी विस्तीर्ण अरण्य लागते. सन १९८४ च्या डिसेंबरात तेथे हाइनबुर्गजवळ वीजनिर्मितीसाठी धरण होऊ घातले होते. हजारो लोक कडाक्याच्या थंडीत त्या अरण्यात ठाण मांडून बसले आणि सरकारला बेत सोडावा लागला. १९९६ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तेथून वाट थोडी वाकडी करून आम्ही मोरावा नदीवरील पूल पाहिला. १९८९ पर्यंत युरोपचे दोन तुकडे करणारी तारेची कुंपणे या नदीच्या काठाने होती. २०१२ मध्ये तेथे केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी पूल झाला.

आणखी पुढे, स्लोव्हाकियात, गाब्चिकोवोचा प्रचंड कालवा लागतो. १९७७ च्या कराराने दोन देशांनी आरंभलेला हा प्रकल्प हंगेरीने १९८९ मध्ये थांबवला. पलीकडच्यांनी १९९२ मध्ये नदीच वळवून घेतली. आणि १९९७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोष उभय पक्षांच्या पदरी घातला. कालव्यातील पाणी भोवतालच्या शेतांहून उंच चढलेले असते. कालवा आणि जुने पात्र यांच्या बेचक्यात तीन गावे अडकली आहेत; तेथील लोक नावेतून ये-जा करतात. सौ. बांधावर सायकल टेकवून बराच वेळ त्या गावांकडे पाहत उभी राहिली. "निदान गावे दिसतात तरी," ती म्हणाली.

परतल्यावर त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही पवनीहून गोसीखुर्दला सायकलीनेच गेलो. पवनीच्या टेकड्यांत १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध स्तूप सापडले. मातीखाली गेलेले काही काळाने वर येते. पाण्याखाली गेलेल्याची तशी ग्वाही कोण देणार? तेहतीस दरवाजांचे ते धरण, अकरा किलोमीटरांहून लांब त्याचा बांध. या पाण्याने भंडारा, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानाला जीवन मिळते, हे आम्ही जाणतो. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण ज्याच्या घरावरून पाणी गेले, त्याच्यापुढे एकरांचा हिशेब मांडावयास जीभ रेटत नाही.

पुनर्वसित गावठाणात सौ.च्या काकांना आम्ही प्रवासाची हकीकत सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि मग म्हणाले, "जवाईबापू, तुमी चार देस फिरून आपल्या घरी वापस आले. आमी चार कोस आलो, पर वापस जाले जागाच नाई."

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आहे. त्या शहाणपणाला एक आधार लागतो, तो म्हणजे परतण्याचे ठिकाण. ते असेल तर निघण्याला प्रवास म्हणावे. नसेल तर त्याला दुसरे नाव आहे. सौ.ची सायकल आता काकांच्या नातीकडे असते. नव्या गावठाणापासून शाळा लांब आहे, आणि रस्ता नदीच्या काठाने जात नाही. पण मुलगी वेगाने जाते.