थरथर

भूक लागली की काय काय होतं, याची मराठीतली यादी चांगली लांबलचक आहे. पोटात कावळे ओरडतात, हातपाय गळतात, जीव कासावीस होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगाला कापरं भरतं. एकादशीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास घरातल्या बायकांचं बोलणं ऐका, यातले तीन-चार शब्दप्रयोग सहज कानावर येतील. कारण विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात, ‘अशक्तपणा’ नाहीतर ‘पित्त’.

आमच्या पिढीनं उपास सोडले, पण थरथर सोडली नाही. सकाळी नुसता चहा, मग कॉफी, एकची मीटिंग अडीचपर्यंत लांबलेली, आणि तीन वाजता कीबोर्डवरची बोटं हलकेच कापायला लागलेली. छातीत धडधड होते, कपाळावर घाम येतो आणि समोरच्यानं साधा प्रश्न विचारला तरी राग येतो. पहिल्यांदा असं होतं तेव्हा अनेकांना वाटतं, हृदयाचं काहीतरी बिघडलं. मग वडापाव खाल्ला की वीस मिनिटांत सगळं जागेवर.

‘अशक्तपणा’ या उत्तरामागे एक चित्र असतं. टाकीतलं पेट्रोल संपत आलं की गाडी जशी आचके देते, तसे आपले हात कापतात. पण संपत आलेली गाडी वेग वाढवत नाही, आणि आपलं हृदय तर जोरात धावत असतं. म्हणजे शक्ती कमी पडली म्हणून ही थरथर होत नाही. शरीरानं मुद्दाम काहीतरी सुरू केलंय म्हणून होते.

आधी एक आकडा सांगते. आपल्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि त्यात उपाशीपोटी दर डेसिलिटरला 90 मिलिग्रॅमच्या आसपास साखर. गुणाकार केला तर साडेचार ग्रॅम. म्हणजे संपूर्ण शरीरात फिरणाऱ्या रक्तात एकूण साखर किती, तर एक चमचा! इकडे एकटा मेंदू दिवसाला सुमारे 120 ग्रॅम, म्हणजे तासाला 5 ग्रॅम साखर जाळतो. हिशेबानं पाहिलं तर जेवण पचल्यानंतर तासाभरात आपण कोसळायला हवं. कोसळत नाही, कारण यकृत त्या चमच्यात थेंबाथेंबानं साखर घालत राहतं. यकृताकडे ग्लायकोजेनच्या रूपात शंभरेक ग्रॅमचा साठा असतो. स्नायूंकडे याच्या कितीतरी पट साठा असतो, पण तो ज्याच्या त्याच्या नावावरच्या ठेवीसारखा. स्नायू तो स्वतः वापरतात, साखर म्हणून रक्तात परत देऊ शकत नाहीत. घर चालतं ते यकृताच्या पगारावर.

हा चमचा रिकामा होऊ नये म्हणून शरीरानं जी व्यवस्था लावली आहे, ती वाचताना मला माझं कामच आठवत राहिलं. मी सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टिम लिहिते. चांगल्या सिस्टिमचा नियम असा, की लहानसहान बिघाड तिनं कुणाला न उठवता आपलं आपण दुरुस्त करावेत, आणि ते जमेनासं झालं तरच माणसाचा फोन वाजवावा. साखर 80 च्या आसपास उतरली की शरीर आधी इन्सुलिन कमी करतं. ती 65-70 च्या घरात आली की स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडतं, त्यामुळे यकृत साठा मोकळा करू लागतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. इथपर्यंत आपल्याला बहुधा पत्ताही नसतो. 55 च्या आसपास मात्र फोन वाजतो. थरथर, धडधड, घाम आणि अनावर भूक. त्याही खाली, 50 च्या अलीकडे-पलीकडे, मेंदूचं कामच अडखळायला लागतं. शब्द सापडत नाहीत, साधी बेरीज चुकते. हे आकडे माणसागणिक थोडे मागेपुढे होतात, क्रम मात्र तोच राहतो. इशारा आधी यावा आणि मेंदू नंतर अडखळावा, ही यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. मेंदू अडखळल्यावर इशारा येऊन उपयोग काय? तो समजून घेणार कोण?

ॲड्रेनालिनचं मुख्य काम यकृताकडून साखर काढून घेणं आणि चरबी मोकळी करणं. पण ते रक्तातून सगळीकडे जातं, त्यामुळे जिथं जिथं त्याचे ग्राहक बसलेले आहेत तिथं तिथं परिणाम दिसतो. हृदयात गेलं की ठोके वाढतात. हाता-पायांच्या स्नायूंत गेलं की थरथर होते. खरं तर आपला हात एरवीही सेकंदाला 8 ते 12 वेळा कापत असतो, इतका बारीक की दिसत नाही. ॲड्रेनालिन स्नायूंच्या धाग्यांची आकुंचनं तोकडी करतं, ती एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि तीच बारीक थरथर डोळ्यांना दिसू लागते. दम्याचा पंप घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं. साल्ब्युटामॉल घेतल्यावर पोट भरलेलं असलं तरी हात कापतात आणि छाती धडधडते, कारण ते औषध याच कुटुंबातल्या ग्राहकांना जाऊन भिडतं.

भीती आणि भूक यांचं हे नातं अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. वेदना, भूक, भीती आणि संताप या चौघांत शरीरात काय बदलतं, यावर त्यांचं अख्खं पुस्तक आहे, 1915 सालचं. वाघ समोर आल्यावर जो भोंगा वाजतो, तोच साखर उतरल्यावरही वाजतो. म्हणून भुकेल्या माणसाला उगाच धास्तावल्यासारखं होतं, आणि परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहिल्यावर कुणाकुणाला भूक लागल्यासारखं वाटतं.

इथं एक पाचर मारायला हवी. तीन वाजता कापणारी तुमची-माझी बोटं म्हणजे साखर 55 ला गेली, असं नव्हे. निरोगी माणसाची साखर एक वेळचं जेवण चुकल्यानं सहसा इतकी खाली जात नाही. अशा वेळी मोजली तर बऱ्याचदा ती ठीकठाकच निघते. रिकाम्या पोटी ढोसलेली कॉफी स्वतःच ॲड्रेनालिन वाढवते. त्यात अपुरी झोप, न प्यायलेलं पाणी, डोक्यावरची डेडलाइन. म्हणून डॉक्टर एक तिहेरी कसोटी लावतात. अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी ती 1938 मध्ये मांडली. लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी, आणि साखर वाढवल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळल्या तरच निदान. मला ही कसोटी फार आवडते. बग पकडायची याहून नेटकी रीत मला माहीत नाही. अर्थात, वरचेवर असं होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर वडापावावर न भागवता तपासून घ्यावं.

हे सगळं मी वाचायला लागले ती स्वतःच्या बोटांसाठी नव्हे, बाबांसाठी.

बाबा बीड जिल्ह्यातले. 1972 च्या दुष्काळात ते आठ वर्षांचे होते. आजी खडी फोडायला जायची, बाबा तिच्यामागं. तिथं मिळणारी सुकडी आणि घरी लाल मिलोची भाकरी, यावर ते दिवस निघाले. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “पयले काही दिवस लई कापरं भरायचं. मंग काही वाटत नसायचं. नुस्तं पडून ऱ्हावं वाटायचं.” पुढे मी मिनेसोटातल्या 1944-45 च्या प्रयोगाबद्दल वाचलं. 36 तरुण स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले नाहीत, उलट खूप मंदावले. चार तासांची भूक भोंगा वाजवते. महिनोन्‌महिन्यांची भूक घरातले दिवे एकेक करून विझवते. धडधडणारं हृदय हे एका अर्थी अन्न मिळण्याची आशा असलेल्या शरीराचं लक्षण आहे.

त्याच बाबांना गेली सोळा वर्षं मधुमेह आहे, त्यातली सात वर्षं इन्सुलिन. इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्यावर पहिली पायरी बाद होते. साखर उतरली तरी टोचलेलं इन्सुलिन कमी करता येत नाही. जुन्या मधुमेहात ग्लुकागॉनचाही प्रतिसाद ढासळतो. उरतं ते ॲड्रेनालिन. आधी बाबांचे हात कापायचे, ते स्वतःच उठून साखर तोंडात टाकायचे. गेल्या वर्षी हे थांबलं. औषध अंगी लागलं असं ते सगळ्यांना सांगत होते. आईला मात्र ते पटेना. जेवायला उशीर झाला की ते गप्प होतात, एकच प्रश्न दोनदा विचारतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी त्यांनी तिला तिसऱ्यांदा विचारलं, “आज कोणता वार?” तिनं कपाळाला हात लावला. घाम. मशीनवर 44. तिनं वार सांगितला नाही, साखरपाणी पाजलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या धडधड आणि थरथर दाबून टाकतात. घाम तेवढा लपत नाही, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप वेगळ्या रसायनाकडून जातो. बाबांची गोळी त्यातली नव्हती. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या कामाच्या भाषेत लगेच कळलं. साखर वारंवार खाली जात राहिली की शरीर त्या पातळीला सरावतं. भोंगा वाजायची रेघ आणखी खाली सरकते, इतकी की मेंदू आधी अडखळतो आणि भोंगा नंतर वाजतो, किंवा वाजतच नाही. आमच्याकडे एकच अलार्म रात्री दहादा वाजला की कुणीतरी तो म्यूट करतो. बाबांच्या शरीरानं म्यूट केला होता.

उपाय औषधाच्या बाटलीत नव्हता. काही आठवडे साखर थोडी वर राहिली तरी चालेल, पण एकदाही खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे शांतता मिळाली की अलार्म पुन्हा जागा होऊ शकतो. इन्सुलिनचा डोस कमी झाला. जेवणाच्या वेळा ठरल्या. एकादशी बंद झाली, त्यावर दोन दिवस अबोला झाला. खिशात पेढा नव्हे, साखरेची पुडी ठेवायची, कारण पेढ्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. बाबांचा खरा विरोध वेगळाच होता. “टायमावर खायला मी काय ल्हान पोरगं हाय?” भूक लागली असं बोलून दाखवायची त्यांना सवयच नव्हती. ज्या घरात ती सगळ्यांनाच लागलेली असायची, तिथं सांगणार कुणाला?

दीड महिन्यानं आईचा फोन आला. बाबा अंगणात मोटरचं काम करत बसले होते. एकदम पान्हा खाली ठेवला आणि तिथूनच हाक मारली, “अगं, हात कापायलेत. साखर आण.” मशीनवर 61. पंधरा मिनिटांनी 93.

“आवाजात किती आनंद होता म्हणून सांगू,” आई म्हणाली. मग फोन बाबांकडे गेला. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आधी डावा हात, मग उजवा, मग छातीत कसं धडधडलं. एवढ्या तपशिलात भुकेबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.