कुलूप न लागणारे दार

बडोदेकरांना विश्वामित्रीचा स्वभाव नव्याने सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टअखेर, गोकुळाष्टमीच्या सुमारास, ती पात्र सोडून शहरात शिरली. मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच ऐकल्या. आमच्या घरात दोन दिवस गुडघाभर पाणी होते. पाणी ओसरले, चिखल उपसून झाला, गाद्या गच्चीवर गेल्या, आणि मग लक्षात आले की पुढच्या दाराला कुलूपच लागत नाही.

दार जुने, सागवानी. पणजोबांच्या वेळचे. पाणी पिऊन खालून असे फुगले होते की ढकलून लावावे तर उंबऱ्याशी अडायचे आणि किल्ली अर्धीच फिरायची. रात्रीची सोय झाली. माळ्यावरचा जुना अडसर काढला आणि आतून लावला. पण अडसर आतूनच लागतो, बाहेर जायचे तर घर उघडे. आम्ही घरात सहाजण. दोघांची नोकरी, दोघांची शाळा, बाबांच्या पंचनाम्याच्या खेपा. राहिली आजी. ब्याऐंशी वर्षांची आजी सोप्यात खुर्ची टाकून राखणीला बसली. दहा दिवसांवर गणपती आले होते.

एका दुकानदाराने दार पाहून मान हलवली. "हे गेलंच. लोखंडी बसवा, २२,००० होतील," म्हणाला. दोन दिवस घरात त्याचीच चर्चा. आजी एवढेच म्हणाली, "मी याच दारातून माप ओलांडून आले. पण तुमची सोय बघा." ती असे बोलली की निर्णय आणखी अवघड होतो, हे घरोघरी ठाऊक असेल.

त्यातच आजीच्या रक्तदाबाच्या तपासणीचा दिवस आला. तिला न्यायला दोघे तरी हवेत, आणि घरी थांबायला कोणी नाही. कपाट उघडे, कारण घराचे दस्तऐवज भिजले होते आणि पंख्याखाली वाळत पसरले होते. समोरच्या बेन आपणहून म्हणाल्या, "हूं बेसुं छुं ने!" त्यांच्या स्वतःच्या घरात अजून चिखल होता. आजी क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "बसताय ना, मग तेवढे कागद मधूनमधून उलटत राहा." आम्ही तीन तासांनी परतलो तेव्हा बेन तूर निवडत बसल्या होत्या आणि आमच्या घराच्या खरेदीखताचे एकेक पान अलगद सुटे करून ठेवले होते.

पाचव्या दिवशी मिस्त्रीकाका सापडले. पुरानंतर त्यांना सगळीकडूनच बोलावणी होती. त्यांनी केलेले काम आम्ही जवळ बसून पाहिले. बालमित्रांनो, तुम्हीही लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

काकांनी आधी दार उघडे ठेवूनच किल्ली फिरवली. कुलपाची जीभ सहज बाहेर आली, सहज आत गेली. म्हणजे कुलूप शाबूत, दोष दाराच्या बसण्यात. मग त्यांनी आजीकडून कुंकू मागितले, जिभेला लावले आणि दार लावून किल्ली फिरवून पाहिली. चौकटीतल्या पत्रीवर ठसा उमटला, तो भोकाच्या दोन सूत खाली. दार लोंबले होते. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले होते. काकांनी ते काढले, मोठी झालेली भोके बांबूच्या काड्या सरसात बुडवून बुजवली, आणि सरस वाळल्यावर जास्त लांबीचे स्क्रू पिळले. दार एक सूत उचलले गेले. राहिलेले एक सूत पत्रीच्या भोकात कानस मारून काढले. किल्ली फिरली. कुलपाला तेल मात्र घालू दिले नाही. तेलावर धूळ बसते, त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, म्हणाले.

खालून दार अजून घासत होतेच. बाबांनी रंधा मारायला सांगितले, तर काका म्हणाले, "उतावळ ना करशो." लाकूड पाणी पिऊन आडवे फुगते, लांबीला फारसे वाढत नाही, आणि वाळले की पुन्हा आकसते. आता तासले तर थंडीत फट पडेल. तोवर कडेला मेणबत्ती घासा. मजुरी घेतली ६५०.

गणपती बसले तेव्हा दाराला कुलूप लागत होते. दिवाळीनंतर दार आपोआप सुटे झाले. मग काकांनी ते उतरवून खालच्या कडेला वार्निश दिले. ती कड दिसत नाही म्हणून कोणी रंगवत नाही, आणि पाणी शिरते तिथूनच.

या निमित्ताने घरात शब्दांचीही उजळणी झाली. आमची मुले ताळुं, मिजागरा म्हणतात. आजीने त्यांना कुलूप, बिजागरी, कोयंडा, उंबरठा शिकवले. आपले 'कुलूप' मूळ अरबी, 'चावी' पोर्तुगीज, आणि मराठी 'आगळ' व गुजराती 'आगळियो' दोन्ही संस्कृत 'अर्गला'चीच लेकरे. आपल्या दाराला लागलेले शब्दही किती गावांहून आले आहेत!

पालकांना एक सुचवावेसे वाटते. पाऊस सुरू होण्याआधी घरातल्या दारांचे स्क्रू पिळून घ्यावेत आणि खालच्या कडा रंगवाव्यात. विश्वस्त मंडळींना विनंती अशी, की शाळेच्या वर्गांची दारेही या उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मिस्त्रीला दाखवावीत. तिथे कुलूप लागण्याइतकेच दार आतून चटकन उघडणेही महत्त्वाचे. फुगलेले दार लहान मुलांच्या हातांना ओढवत नाही. आमच्या मिस्त्रीकाकांना आम्ही विचारले आहे. मे महिन्यात दोन दिवस द्यायला ते तयार आहेत.