गाईचे कोबाल्ट आणि आपले बी-१२

"डॉक्टर, गाय तर जन्मभर गवत खाते. तिला बी-१२ कमी पडत नाही, मग मलाच कसे पडते?" हातात रिपोर्ट घेऊन बसलेले शाकाहारी पेशंट मला हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाला माहीत असायला हवे.

बी-१२ जीवनसत्त्व गवतात नसते आणि गाय स्वतःही ते बनवत नाही. ते बनवतात जिवाणू. त्यासाठी त्यांना एक खनिज लागते, कोबाल्ट. बी-१२ च्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. मातीतले कोबाल्ट गवतात येते, गवत गाईच्या कोटीपोटात जाते आणि तिथले अब्जावधी जिवाणू त्यापासून बी-१२ तयार करतात. तिथून पुढे लहान आतड्यात ते शोषले जाते आणि थोडे दुधातही उतरते.

मातीतच कोबाल्ट नसेल तर काय होते? ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या मेंढ्या खंगून मरत असत. लोहाची काही संयुगे दिली की त्या सुधारत, म्हणून दोष लोहाच्या कमतरतेचा मानला गेला. १९३५ च्या सुमारास लक्षात आले की खरा गुण त्या संयुगांत भेसळीने आलेल्या किंचितशा कोबाल्टचा होता. त्याच काळात माणसांमधला एक जीवघेणा पंडुरोग कलेजी खायला घालून बरा होतो, या शोधाला १९३४ चे नोबेल मिळाले होते. १९४८ मध्ये कलेजीतले ते द्रव्य, म्हणजे बी-१२, शुद्ध स्वरूपात हाती आले. त्यात कोबाल्ट सापडले आणि मेंढीचा व माणसाचा आजार एकाच धाग्याने जोडला गेला.

आता आपले पोट पाहा. आपल्याही आतड्यात बी-१२ बनवणारे जिवाणू आहेत, पण ते मोठ्या आतड्यात. बी-१२ शोषले जाते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणजे माल तयार होतो, पण दुकान मागे राहून गेलेले असते! म्हणून आपल्याला बी-१२ बाहेरूनच घ्यावे लागते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाज्या, डाळी, कडधान्ये यांत ते नसते. स्पिरुलिनात असते ते बहुतांशी आपल्या शरीराला निरुपयोगी असे रूप.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आपल्या आईला घेऊन आले. आजी माळकरी. दहा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. तक्रार काय, तर "चालताना पायातली चप्पल निसटते आन मला कळतच न्हाई." तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. तपासणीत बी-१२ फारच कमी निघाले. घरी चार गाई होत्या. मी खाण्याची चौकशी केली, तेव्हा मुलगा म्हणाला, "गाईंना रोज आंबोणात मिनरल मिक्श्चर असतंय सर. दूध सगळं डेअरीला जातं, चहापुरतं ठेवतो." त्या मिक्श्चरमध्ये कोबाल्टही असते. गाईची काळजी चोख होती, पण तिने बनवलेले बी-१२ आजीपर्यंत चमचाभर दुधातूनच पोहोचत होते. त्यात मेटफॉर्मिनने शोषण आणखी कमी केले होते. इंजेक्शनांनी आजींच्या मुंग्या गेल्या, अशक्तपणा गेला. चाल मात्र पूर्ण सुधारली नाही. आजही काठी लागते.

हे मुद्दाम सांगतो, कारण बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि लोक ती "वयामुळे असेल" म्हणून सोडून देतात. पण नसांची इजा फार काळ राहिली तर ती कायमची होऊ शकते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

• शाकाहारी असाल तर रोज दोन-तीन कप दूध किंवा दही पोटात जाऊ द्या. चहातले दूध त्यात धरू नका. दूधही घेत नसाल तर बी-१२ ची गोळी लागतेच.
• मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, वय साठच्या पुढे असेल किंवा जठराची शस्त्रक्रिया झाली असेल, तर बी-१२ तपासून घ्या. चालू औषध मात्र मनाने बंद करू नका.
• शाकाहारी गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या मातांनी विशेष काळजी घ्यावी. आईला कमी तर बाळालाही कमी, आणि बाळाच्या मेंदूची वाढ थांबत नसते.
• नुसते फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण आत नसांची हानी चालूच राहते.
• तपासणीआधी टॉनिक सुरू करू नका. रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

आणि हो, गाईचे मिनरल मिक्श्चर गाईलाच घाला. कोटीपोट तिला आहे, आपल्याला नाही. तिने केलेल्या कामातला एक पेला मात्र घरातल्या आजीसाठी रोज बाजूला काढून ठेवा.