आहुप्याच्या रानात

मृगाचा पाऊस पडून आठवडा झाला. काल रात्री आहुप्याच्या देवराईजवळ विजेरी विझवून उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावले, तशी पायाशी पडलेली कुजकी फांदी फिकट हिरवी उजळू लागली. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा तो उजेड. बोटाला गरम लागत नाही, पापणीही लवत नाही. किती वेळ उभा होतो, कळलं नाही.

सकाळी धुकं कोकणातून कड्यावरून वर चढलं आणि झाडं एकेक करून पुसली गेली. जांभूळ, अंजन, हिरडा, शेवाळानं मऊ झालेले बुंधे. वर शेकरू ओरडलं. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, आणि या फांदीवरून त्या फांदीवर थेट झेप. इथलं भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, ते याच्यासाठी. त्याला जमिनीवर उतरायला आवडत नाही, म्हणून माथ्यावर फांद्यांना फांद्या भिडलेल्या लागतात. मधलं एक झाड तुटलं, तरी त्याची वाट मोडते.

गावातल्या मावशींनी अंगणात वाळवलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, दाखवला. महादेव कोळ्यांच्या कित्येक घरांत वर्षाची मीठमिरची त्यावर चालते, म्हणून हिरड्यावर इथे कुणी कुऱ्हाड घालत नाही.

उतारावर कारवी गच्च उभी आहे. सात वर्षांनी एकदाच फुलते, मग वाळून जाते. ‘‘औंदा नाही,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पण तुम्ही या.’’

येणार आहे.