घाटाखालची संत्री, घाटावरचे बेगल

फळाचा बेगल म्हटलं की परदेशात ब्लूबेरीच समोर येते. बुलडाण्यात ब्लूबेरी आणायची कुठून, आणि का आणायची? दिवाळीच्या आगेमागे जळगाव जामोद, संग्रामपूरकडून संत्र्यांचे क्रेट घाट चढून वर येतात, आणि अजिंठ्याच्या उतारांवरची सीताफळं बाजारात पाट्या भरून बसलेली असतात. या दोहोंतलं एक बेगलच्या पिठात जातं. दुसरं कधीच जात नाही.

बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला, चिवट, तकतकीत सालीचा पाव. मुळात पोलंडमधल्या ज्यूंचा. क्राको शहरातल्या ज्यू समाजाच्या 1610 च्या नियमांत त्याचा उल्लेख आहे. पुढे स्थलांतरितांबरोबर तो न्यूयॉर्कला आणि मॉन्ट्रियलला पोचला. इतर पावांपेक्षा त्याची तऱ्हा वेगळी ती एकाच बाबतीत: भाजण्याआधी तो उकळत्या पाण्यातून काढतात.

हे ऐकून आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही. सासूबाईंचं माहेर मलकापूरकडचं. "उकळाचं न् मंग भाजाचं? हे तं आपली बट्टीच झाली व माय!" त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्याकडे जाडसर दळलेल्या पिठात ओवा आणि तेलाचं मोहन घालून वळकट्या उकडतात, मग काप करून तळतात. फरक खमिराचा, पिठाचा आणि शेवटी तळण्या-भाजण्याचा. काम मात्र दोन्हीकडे गरम पाणी तेच करतं: वरचा पिष्टाचा थर शिजून घट्ट बसतो. त्यामुळे भट्टीत बेगल वाटेल तसा फुगत नाही, आतून दाट राहतो आणि सालीला चकाकी येते. मॉन्ट्रियलवाले त्या पाण्यात मध घालतात. मी गूळ घालते, रंग छान तांबूस येतो.

खरी कसोटी फळाची. ताज्या संत्र्याचा रस तसाच ओतला तर पीठ सैल होतं आणि चव मात्र भाजताना कुठे गेली ते कळत नाही. म्हणून 300 मिली रस मंद आचेवर आटवून 100 मिलीवर आणते. 500 ग्रॅम मैद्याला हा आटीव रस, 180 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. साखर रसातच आहे, वेगळी घालत नाही. आपला मैदा तिकडच्या पावाच्या पिठाइतका चिवट नसतो, तेव्हा गोळा घट्ट ठेवून मनगट दुखेपर्यंत तिंबायचा.

पण संत्र्याचा वास रसात थोडा, सालीत खूप. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, सोलल्यावर किसणीवर धरताच येत नाही. फळ अख्खं असतानाच वरचा केशरी पापुद्रा पिठात किसून घ्यायचा. उरलेल्या सालीच्या बारीक पट्ट्या तीनदा पाणी बदलून उकळायच्या म्हणजे कडवटपणा निघतो, मग साखरेच्या पाकात शिजवून ताटात पसरून वाळवायच्या. हे तुकडे पीठ पूर्ण तिंबून झाल्यावरच मिसळायचे; आधी घातले तर पिठाचे धागे कापतात.

नोव्हेंबरात घाटावर रात्री गारवा असतो, त्यामुळे पिठाचं भांडं झाकून रात्रभर ओट्यावरच राहू देते. घाटाखाली, खामगाव-शेगावला कुणी करत असेल तर फ्रीजच बरा. सकाळी आठ गोळे, प्रत्येकाला बोटाने भोक. तासाभराने एक पाण्यात सोडून पाहायचा. तरंगला की बाकीच्यांची वेळ झाली. एकेक बाजू मिनिटभर उकळून 220 अंशावर पंचवीसेक मिनिटं भाजायचे, तेवढ्यात वीज जाऊ नये एवढीच अपेक्षा.

आणि सीताफळ? त्याचा गर तापला की कडवट होतो. सीताफळाच्या बासुंदीत गर दूध पुरतं गार झाल्यावर घालतात ते याचसाठी. भट्टीत तर त्याचा निभावच लागायचा नाही. म्हणून ते बेगलच्या बाहेर ठेवलं: बिया काढलेला गर टांगलेल्या दह्याच्या चक्क्यात हलक्या हाताने मिसळायचा, वरून साखर नाही. कापलेल्या, तव्यावर शेकलेल्या संत्रा-बेगलवर हा थर मला कुठल्याही विकतच्या क्रीम चीजपेक्षा सरस वाटतो. बिया काढताना हात चिकट होऊन जीव मेटाकुटीला येतो, ते सोसायचं.

मुलं दोन्ही फळं अशी एकत्र खातात. सासूबाईंना गोड पाव मान्य नाही. त्यांच्यासाठी एक गोळा सालीचे तुकडे घालायच्या आधी बाजूला काढते. तोही रसाने जरा गोडसरच लागतो, पण त्या तो कुस्करून तूरडाळीच्या वरणात घालतात, वर तुपाची धार. पुढच्या खेपेला त्यात ओवा हवाय, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.