खरे लिहिण्याची तयारी

नागरी सेवा परीक्षेचा निकाल लागला, परराष्ट्र सेवा मिळाली आणि आमच्या निफाड तालुक्यातल्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. काटे-चमचे नीट धरायला शीक, इंग्रजी उच्चार सुधार, बोलताना हातवारे करू नकोस. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात माया आहे. आता मसुरीला लालबहादूर शास्त्री अकादमीत पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण, मग वाट्याला येईल ती परकी भाषा आणि ती शिकण्यासाठी बाहेरच्या एखाद्या दूतावासात तृतीय सचिव म्हणून पहिली नेमणूक. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत. एवढा रस्ता ठरलेला आहे. तिथे पोहोचण्याआधी स्वतःला काय शिकवायचे, हा प्रश्न मात्र माझा मलाच सोडवायचा आहे.

राजशिष्टाचाराला मी कमी लेखत नाही. लंडनमध्ये १६६१ साली फ्रान्सच्या राजदूताची बग्गी पुढे की स्पेनच्या, यावरून भर रस्त्यात रक्त सांडले होते. असे मानापमान मिटवण्यासाठी १८१५मध्ये व्हिएन्नात एक साधा नियम ठरला आणि १९६१च्या व्हिएन्ना करारातही तो कायम राहिला: समान दर्जाच्या राजदूतांमध्ये जो आधी रुजू झाला, तो ज्येष्ठ. देश केवढा, सैन्य किती, याला तिथे किंमत नाही. मालदीवचा राजदूत चीनच्या राजदूताआधी रुजू झाला असेल, तर रांगेत तोच आधी उभा राहतो. जगात इतकी सरळ समता फार थोड्या ठिकाणी दिसते. पण हे नियम वर्गात शिकवता येतात, पाठ करता येतात. जे शिकवून पुरत नाही, त्याची ओळख मला कांद्याने करून दिली.

सप्टेंबर २०१९च्या अखेरीस भारताने कांद्याची निर्यात बंद केली. आमच्या घरात त्याचा अर्थ लगेच कळला. काका लासलगावच्या बाजार समितीतून परत आले, पाणी न पिताच ओट्यावर बसले आणि म्हणाले, “पोरी, भाव चढला की दिल्लीला जाग येते, पडला की कुणी विचारत नाही.” त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. एका कार्यक्रमात त्या हसत हसत बोलल्या की, आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितले आहे. हसण्यामागे गाऱ्हाणे होते. निर्णय घेण्याआधी थोडी कल्पना दिली असती तर दुसरीकडून सोय केली असती, असे त्यांचे म्हणणे होते.

तेव्हा मी ती बातमी परीक्षेच्या टिपणवहीत चिकटवली होती. आज ती वाचताना मी ढाक्यातल्या उच्चायोगात बसलेल्या एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा विचार करते. दिल्लीला त्याने काय कळवायला हवे? शेजारी नाराज आहे, एवढे लिहिणे सोपे. शेजाऱ्याला निर्णयापेक्षा निर्णयाची पद्धत टोचली आहे, हे लिहायला नीट ऐकावे लागते. आणि ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्याच टेबलावर हे टिपण जाणार, हे ठाऊक असूनही ते लिहावे लागते.

या सेवेचा गाभा मला इथे सापडतो. व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामे दिली आहेत: प्रतिनिधित्व करणे, हितरक्षण करणे, वाटाघाटी करणे, मैत्री वाढवणे. त्यांच्यातच एक काम असे आहे की, कायदेशीर मार्गांनी त्या देशातली परिस्थिती जाणून घ्यायची आणि आपल्या सरकारला कळवायची. बाकीची कामे लोकांच्या नजरेत भरतात. हे काम बंद लिफाफ्यात होते, आणि बाकी सगळी त्यावर उभी असतात.

आपल्याकडे हे काम जुने आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून दिल्ली दरबारात राहिलेले महादेवभट हिंगणे आणि त्यांचे मुलगे आमच्याच नाशिककडचे. त्यांची पत्रे हिंगणे दप्तर म्हणून छापली गेली आहेत. निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे नाना फडणीसांना लिहीत असत. मसलती, फौजेच्या हालचाली, कुणाचे कुणाशी बिनसले, पैशाची ओढाताण कुठवर आली, असा सगळा तपशील या वकिलांच्या लिखाणात येतो. पत्र पुण्याला पोहोचायला दिवसचे दिवस लागत. तोवर वकील एकटा. त्याच्या लिहिण्यावर विसंबून मोहिमा ठरत. धन्याला आवडेल तेवढेच लिहिणारा वकील शत्रूपेक्षा अधिक नुकसान करू शकला असता.

आज संदेश क्षणात पोहोचतो, पण गरज तीच आहे. १९९०मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले. २०१५मध्ये येमेन, २०२२मध्ये युक्रेन. अशा वेळी आपल्याला विमाने आणि परतलेले चेहरे दिसतात. त्याआधी कुणीतरी बसून लिहिलेले असते: कुठल्या गावात किती माणसे अडकली आहेत, कुठली सीमा उघडी आहे, कुठल्या रस्त्यावर गोळीबार चालू आहे. त्यातला एक आकडा अंदाजपंचे लिहिला गेला तर कुणीतरी मागे राहते. परदेशात मरण पावलेल्या मजुराच्या घरी फोन करणाऱ्या अधिकाऱ्यालाही हाच कस लागतो. देह कधी येईल हे माहीत नसताना ‘दोन दिवसांत येईल’ म्हणणे दयेचे वाटते. पण त्या घरातले लोक दोन दिवस दाराकडे डोळे लावून बसतात.

मग प्रश्न येतो तो निष्ठेचा. परक्या देशासमोर अधिकाऱ्याला सरकारचीच भूमिका मांडावी लागते, स्वतःचे मत काहीही असो. हे मला पटते. कारण समोरचा माझ्याशी बोलत नसतो, भारताशी बोलत असतो, आणि भारताने दर टेबलावर वेगळे बोलून चालणार नाही. पण बाहेरची ही एकवाक्यता टिकायची असेल, तर आत मोकळेपणाने खरे सांगितले जायला हवे. आत गप्प बसणारा माणूस बाहेर जे बोलतो, ते पोकळ असते.

सी. बी. मुथम्मा मला या बाबतीत वडीलधाऱ्या वाटतात. परीक्षेतून परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. १९४९मध्ये रुजू होताना लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. पुढे त्या हंगेरीत राजदूत झाल्या, बाहेर देशाची बाजू चोख मांडली. आणि बढती नाकारली गेली तेव्हा आपल्याच सेवेच्या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दरम्यान सरकारने बढती दिली, तरी १९७९च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवानियमांतला स्त्रियांबाबतचा भेदभाव दूर करायला सांगितले. मला आज असे कुठलेही हमीपत्र लिहून द्यावे लागणार नाही. त्यामागे एका स्त्रीने आपल्याच घराला सांगितलेले खरे आहे.

पुण्यात अभ्यास करताना म्हात्रे पुलावरून माझे रोजचे जाणे-येणे असे. तो पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा. बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयातले हे अधिकारी फेब्रुवारी १९८४मध्ये मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले होते. अतिरेक्यांनी त्यांचे अपहरण केले आणि नंतर हत्या केली. या नोकरीला मेजवान्यांची नोकरी समजणाऱ्या प्रत्येकाला मी हे नाव सांगते. देशाचे नाव लावून परक्या गावात राहणे म्हणजे काय, याचे मोल एका मराठी घराने असे मोजले आहे.

म्हणून सध्या मी एक सराव करते. कुणाशी महत्त्वाचे बोलणे झाले की वहीत डाव्या पानावर समोरचा काय म्हणाला ते लिहिते, त्याच्याच शब्दांच्या जितके जवळ जाता येईल तितके. उजव्या पानावर मला काय वाटले ते. काकांचे म्हणणे डाव्या पानावर आहे, निर्यातबंदीच्या बाजूचा शहरी ग्राहकाचा युक्तिवादही डाव्याच पानावर आहे; शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला तो लिहिताना जड जातो. जड जाते तिथेच सराव वाढवायला हवा. ढाका, टोकियो, कैरो, नेमणूक कुठेही होवो; तिथून मी लिहिलेल्या टिपणावर दिल्लीतल्या कुणाला तरी निर्णय घ्यायचा असेल. तो आपल्याला आवडणारा असेल की नाही, हे माझ्या हाती नाही. त्याच्यासमोरचे चित्र खरे असावे, एवढी जबाबदारी माझी, आणि ती मी पूर्ण मनाने घेते आहे.